आठवी, नववी आणि एकदम बोर्ड

आमच्या बॅचने आठवीची वार्षिक परीक्षा दिली नाही. नववीचीही नाही. सातवीनंतरची आमची पहिली वार्षिक परीक्षा म्हणजे थेट दहावीचं बोर्ड, १५ मार्च २०२२, मराठीचा पेपर. आमच्या पुढच्या बॅचचं तर बोर्डच झालं नाही. नववीचे गुण, दहावीच्या वर्षातलं अंतर्गत काम आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांची बेरीज करून त्यांचा निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्यामुळे लग्नात, बारशात, रेशनच्या रांगेत कुणीही विचारायचं, "कितवीला गं?" आणि दहावी म्हटलं की, "मग काय, मजाय तुमची!"

मजा होती की नाही ते राहू द्या. मी आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ती तीन वर्षं आठवली की मला वेगळंच काही दिसतं. तेरा ते सोळा हे वयच असं असतं की आपण हुशार की मठ्ठ, कुणाच्या पुढे, कुणाच्या मागे, याचीच रात्रंदिवस चिंता. नेमकं त्याच वयात आम्हाला कुणी मोजलं नाही. तुला अमुक येतं, तमुक येत नाही, असं सांगणारं बाहेर कुणी उरलं नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं होतं. ज्यांना सापडलं ते सगळे पुढे गेले असंही नाही. सापडूनही अडकलेले मला माहीत आहेत.

आम्ही औरंगाबादच्या मुकुंदवाडीचे. पप्पा चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटावर, मम्मी शिलाई करते, आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान भाऊ. २०१९ मध्ये, मी नुकतीच आठवीत गेले होते तेव्हा, आमच्या भागातली लहान लहान पोरं पॅसेंजरने औरंगाबाद स्टेशनला जाऊन पाणी भरून आणायची. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. त्यांचे फोटो पार परदेशातल्या बातम्यांत झळकले. आमच्या गल्लीत टँकर यायचा म्हणून मला गाडीत चढावं लागलं नाही, पण ड्रम भरल्याशिवाय शाळेला निघायचं नाही हा घरचा नियम होता. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर पसरलेला, आणि आमचा आठवडा सोमवार-मंगळवारचा नाही, पाण्याच्या दिवसाचा. पुढे १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं, डिसेंबर २०२० मध्ये. दहावीला आम्हाला 'जलसुरक्षा' नावाचा श्रेणी विषय होता. त्याला आमच्या गल्लीतल्या कुणालाच अभ्यास करावा लागला नाही.

आठवी संपत आली आणि कोरोनामुळे शाळा बंद झाली. आम्हाला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, २३ मार्चचा. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. आमच्या ओळखीची एक मुलगी मात्र कितीतरी दिवस भूगोलाचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील एवढे दोनच देश. ती ब्राझीलच्या नकाशात नद्या भरत राहायची. पेपर होणार नाही हे तिला सांगायला कुणी धजत नव्हतं की तिलाच ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

८ मेची सकाळ मला या सगळ्यापेक्षा जास्त लक्षात आहे. जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळावर झोपले होते. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होते, गावाकडची गाडी मिळेल या आशेने निघाले होते. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले.

बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी. तीच लाइन आमच्या घरामागून जाते. आम्ही पोरं त्या रुळांच्या कडेनेच मोठी झालो. पप्पांनी बातमी वाचली आणि म्हणाले, "त्यांना वाटलं गाड्या बंद आहेत." प्रवासी गाड्या बंदच होत्या. पण मालगाड्या चालू आहेत हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारण रात्री गाडी गेली की मांडणीतली भांडी वाजायची. मी चौदा वर्षांची होते. आपल्याला फुकटात, झोपेत कळलेली एक गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते, आणि तेवढ्याने असं होऊ शकतं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. तोवर माहिती म्हणजे माझ्या लेखी पाठ करायची वस्तू होती.

जूनमध्ये नववी सुरू झाली असं म्हणायचं. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेत फुकट मिळायची, नववीपासून विकत. दुकानं अर्धी बंद, म्हणून वरच्या गल्लीतल्या एका मुलीची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घेतली. तिने उत्तरांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, त्यातल्या निम्म्या भलत्याच ओळींखाली.

घरात फोन एकच, पप्पांचा. त्यांची पहिली पाळी असली की फोन घरी यायला दुपारचे चार वाजायचे. तोवर तास होऊन गेलेले. मग ग्रुपवर टाकलेले फळ्याचे फोटो बघायचे. एका फोटोत ट्यूबलाइटचा उजेड पडून समीकरणाची अख्खी उजवी बाजू गायब. भाऊ चौथीत होता, त्याला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शिकवणारी मालिका लागायची. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या बाई वेळेवर यायच्या आणि त्यांना रेंजची भानगड नव्हती.

चाचण्या गूगल फॉर्मवर. वीसपैकी वीस. मलाच नाही, बहुतेकांना. वर्गाचे दोन ग्रुप होते, एक सर असलेला आणि एक सर नसलेला, आणि फॉर्म उघडायच्या आत उत्तरं दुसऱ्या ग्रुपवर फिरून यायची. सरांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण ते तरी काय करणार? कित्येक मुलं फॉर्म उघडतसुद्धा नव्हती. जी भरत होती ती निदान आहेत, एवढं तरी त्यांना कळत होतं.

वीसपैकी वीस पडले की पहिल्यांदा बरं वाटलं. नंतर काहीच वाटेना.

समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी एक ताई होती. परभणीकडची, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी शहरात आलेली. मम्मी मास्क शिवायची, त्याला नाड्या लावायला ती यायची, तासाला काही पैसे मिळायचे. एकदा मला वही घेऊन बसलेलं बघून म्हणाली, "काय लिहायलीस गं?" मी म्हटलं, धड्यातली उत्तरं उतरवतेय. ती म्हणाली, "पुस्तक मीट. आता सांग, तुला काय येत नाही?"

मी म्हटलं, "भूमिती."

"भूमिती म्हंजे काय काय?"

मला सांगता येईना. काय येत नाही हेसुद्धा येत नव्हतं. तिने एक कोरं पान काढून दिलं आणि म्हणाली, पुस्तक न बघता त्रिकोणाबद्दल जे जे आठवतंय ते लिही, चूक असलं तरी लिही. अर्ध्या तासात सात-आठ ओळी झाल्या. मग पुस्तक उघडून ताडून बघितलं. कुठे अडलं तिथे तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, हे लिहून ठेव. एवढंच तिने शिकवलं. भूमिती तिलाही फारशी येत नव्हती, तिचा विषय राज्यशास्त्र.

त्या दिवसापासून मी एक वही केली, जुन्या रजिस्टरची मागची पानं. वर लिहिलं, 'येत नाही'. पहिल्या पानावर मोठमोठी नावं होती: भूमिती, इंग्रजी, विज्ञानातली गणितं. पुढे दहावीपर्यंत यादी लांबली, पण नोंदी बारीक होत गेल्या. 'समरूप त्रिकोणांत संगत बाजू कोणत्या क्रमाने लिहायच्या.' 'वर्गसमीकरणाच्या सूत्रात बी ऋण असेल तर चिन्ह.' 'अपवर्तनात किरण लंबाकडे कधी झुकतो, लंबापासून दूर कधी.' मम्मीने एकदा वही उघडून पाहिली आणि घाबरली. एवढं सगळं येत नाही? तिला समजावून सांगता आलं नाही, की मम्मी, आधी याहून जास्त येत नव्हतं, फक्त ते लिहिता येत नव्हतं. 'भूमिती येत नाही' याला इलाज नाही. 'संगत बाजूंचा क्रम' हे संध्याकाळपर्यंत होण्यासारखं काम आहे.

हळूहळू त्या वहीत अभ्यासाबाहेरचंही शिरलं. 'अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येत नाही.' 'टँकरवाल्याशी भांडता येत नाही.' ही शेवटची नोंद दहावीच्या फेब्रुवारीत मी खोडली. त्या दिवशी टँकर आमच्या गल्लीचा पाइप अर्ध्यातच काढून निघाला होता, मम्मी शिवणाचं माप द्यायला गेली होती आणि मी गाडीसमोर उभी राहिले. काय बोलले ते आठवत नाही. ड्रम भरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी तिखट निघाली." मला बोर्डाच्या कुठल्याही गुणापेक्षा ते जास्त गोड लागलं.

नववीत शाळा थोडे दिवस उघडली, पुन्हा बंद झाली. एप्रिलमध्ये जाहीर झालं की नववीलाही वरच्या वर्गात ढकलणार. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातल्या आठवीपासून पुढच्या वर्गांच्या शाळा सुरू झाल्या आणि आम्ही दहावीचे म्हणून वर्गात बसलो. मुलांचे आवाज फुटले होते. मास्कमुळे काही जणांना आम्ही डोळ्यांवरून ओळखलं, काहींना ओळखलंच नाही. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. माझ्या आधीचा नंबर आला नाही. त्यांनी तो गाळून थेट माझं नाव घेतलं.

तो नंबर माझ्या आठवीच्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. लॉकडाउनमध्ये तिचं कुटुंब गावी गेलं, ते परत आलंच नाही. नववीच्या दिवाळीपर्यंत ती ग्रुपवर होती, कधीमधी 'गुड मॉर्निंग' टाकायची. मग नंबर बंद. तिचं लग्न ठरल्याचं आम्हाला दुसऱ्या मुलीकडून कळलं. वर्गात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे आठवीत सगळ्यांना माहीत होतं, कारण तेव्हा पेपर होत होते. माझी वही, ताईचं कोरं पान, हे सगळं ज्याला बसायला कोपरा आहे त्याच्यासाठी. तिला तो मिळाला असता तर ती कुठे असती, हा विचार मी पुष्कळदा करते आणि त्याचं पुढे काही होत नाही. सरांनी हजेरीपटावर आठवडाभराने त्या नंबरसमोर लाल रेघ ओढली.

एक मुलगाही आला नव्हता. तो मला जाधववाडीच्या बाजारात भेटला. वडील गेल्यावर त्याने मामासोबत भाजीचा गाडा सुरू केला होता. पहाटे मार्केटमधून माल उचलायचा, दिवसभर सिडकोच्या कॉलन्यांत फिरायचा. आठवीत त्याला गणितात जेमतेम गुण पडायचे. आता पावशेर, अर्धा किलो, दीड किलो, चार भाज्या मिळून किती, पाचशेतून परत किती, सगळं तोंडावर. मी कौतुक केलं तर म्हणाला, "संध्याकाळी गल्ला जुळला नाही तं मामा जेवू देत नाही." हसत म्हणाला, पण मला ते लागलं. आम्हाला घरबसल्या वीसपैकी वीस पडत होते आणि त्याचा हिशोब रोज संध्याकाळी तपासला जात होता. आपल्याला किती येतं हे आमच्या वर्गात सगळ्यात नेमकं त्यालाच माहीत असणार, आणि तोच वर्गात नव्हता. त्याने नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरला. आमच्यानंतर एक वर्षाने बाहेरून दहावी झाला. गाडा अजून आहे.

दहावीच्या त्या वर्षी सगळ्यात मोठी अडचण कुठली आली असेल तर लिहिण्याची. दीड वर्षात सलग पानभर मजकूर कुणी लिहिलाच नव्हता. पंधरा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. पहिल्या सराव परीक्षेत निम्मा वर्ग शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला नाही. येत होतं, पण हात पोचत नव्हता. गणिताच्या सरांनी दर रविवारी सकाळी शाळा उघडून घ्यायचं ठरवलं. फी नाही, काही नाही. येऊन बसायचं, जुना पेपर घ्यायचा, पूर्ण वेळ लिहायचं. तपासायचा ज्याचा त्याने, सर फळ्यावर पायऱ्या लिहून द्यायचे आणि कुठल्या पायरीला किती गुण तेही. स्वतःचा पेपर तपासताना माणूस किती ढिला असतो, हे तिथे कळलं. पहिल्या रविवारी सगळ्यांनी स्वतःला भरभरून दिले. सरांनी चार पेपर उचलून पुन्हा तपासले, कुणाचं नाव न घेता फरक फळ्यावर लिहिला. पुढच्या रविवारी वर्ग एकदम कंजूष झाला. मग कुठेतरी मध्ये स्थिरावला.

बोर्डानेही हे ओळखलं असावं. त्या वर्षी अभ्यासक्रम पाऊण ठेवला, ज्या त्या शाळेत केंद्र दिलं आणि ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा. आम्ही आमच्याच वर्गात, आमच्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बोर्ड दिलं. त्यामुळे बोर्डाची जी भीती मोठ्यांकडून ऐकली होती, ती अर्धीच आली. गणित भाग दोनच्या आदल्या रात्री नळाला पाणी आलं. मम्मी म्हणाली, तू झोप. पण ती एकटी किती भरणार? पहाटेपर्यंत दोघींनी भरलं. पेपर बरा गेला. झोप झाली असती तर आणखी बरा गेला असता असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. जागी राहून मी मनातल्या मनात प्रमेयं म्हणत होते.

४ एप्रिलला भूगोल. शेवटचा पेपर. ब्राझीलवरचा प्रश्न वाचताना ओट्यावरची ती मुलगी आठवली.

निकाल १७ जूनला लागला. राज्याचा ९६.९४ टक्के. म्हणजे आमच्या पुढच्या बॅचपेक्षा कमी, याचाच आम्हाला अभिमान. निकालाआधी मी ताईला माझा अंदाज लिहून दिला होता, विषयवार. गणितात दोन गुणांचा फरक पडला, विज्ञानात तीनचा. मराठीत मात्र मी सपशेल आपटले. नव्वदच्या पुढे धरले होते, ऐंशीही नाहीत. का, ते आजतागायत कळलेलं नाही. मराठी येते, असं ज्याला वाटतं त्याने कोरं पान घेऊन बसायची तसदीच घेतलेली नसते, हे एक कारण असेल. गुणपत्रिकेवर मंडळाचं नाव औरंगाबाद विभागीय मंडळ असं आहे. शहराचं नाव बदललं ते २०२३ मध्ये. आता कुठलाही फॉर्म भरताना एका रकान्यात एक नाव आणि दुसऱ्यात दुसरं, आणि खिडकीपलीकडचा माणूस दोनदा बघतो.

ताई आमच्या निकालाच्याच वर्षी परभणीला परत गेली. तिची परीक्षा निघाली नाही. ती आता तिथल्या एका शाळेत शिकवते, आमचं बोलणं होतं.

मी सध्या गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेते, पाचवी ते सातवी. कॉलेजच्या फीला हातभार लागतो. यातली बरीच मुलं लॉकडाउनमध्ये बालवाडीत किंवा नुकती पहिलीत होती. त्यांच्या आया येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "किती मार्क पाडून देशील?" परवा एक काकू मुलीला घेऊन आल्या, सहावीत जाणारी. मी तिला कोरं पान दिलं, अर्ध्या तासाने बघितलं आणि काकूंना म्हटलं, "मार्कांचं नाही सांगता येत. पण हिला वजाबाकीत हातचा घेता येत नाही. बाकी गुणाकार पक्का आहे."

काकू चिडल्या. "मग पाचवी पास कशी झाली ही?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काकू, मीपण अशीच झाले होते. उद्या सहाला पाठवा, हातच्यापासून सुरू करू." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगी पावणेसहालाच आली, हातात तिसरीतल्या भावाचं गणिताचं पुस्तक होतं.